पाणी न गळणारा सांधा

लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या भुईकोटात एक दालन असे आहे की त्याचे छत हाच वरच्या टाक्याचा तळ. वर पाणी साठलेले असूनही दालनात थेंब झिरपत नाही, असे या किल्ल्याच्या जुन्या वर्णनांत कौतुकाने लिहिले आहे. नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किल्ला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (इ. स. 939–967) याच्या काळाशी जोडला जातो, किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे, आणि गावालगत जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव. बेभरवशाच्या पावसाच्या या मुलखात साठवलेले पाणी टिकवायचे, तर दगडाइतकाच सांधाही पक्का लागे.

हा सांधा चुन्याचा असे. चुनखडे भट्टीत भाजायचे, पाणी घालून विरवायचे, मग वाळू किंवा सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, मिसळून बैलाच्या घाण्यात दळायचे. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे किंवा उडदाचे पाणी यांपैकी काही ना काही त्यात पडे. प्रमाण गवंड्यागणिक बदले. गुळाबेलाच्या कहाण्या लोकांना जास्त आवडतात, पण हौदासाठी खरे काम सुरखीचे. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत फार हळू घट्ट होतो. सुरखीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते, म्हणून असा माल ओलाव्यात, अगदी पाण्याखालीही धरतो.

अशा हौदात मासे ठेवायचे तर मात्र ताजा चुना जहाल. त्याच्या पाण्याचा सामू 12 च्याही वर जातो आणि त्यात माशाचे कल्ले भाजून निघतात. सिमेंटच्या नव्या हौदालाही हाच दोष आहे. हौद भरायचा, काही दिवस ठेवायचा, ओतून द्यायचा आणि पुन्हा भरायचा. क्षार उतरेपर्यंत हे चालू ठेवायचे आणि मगच मासे सोडायचे.

घरात मासे काचेआड ठेवण्याची आवड अलीकडची. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय 1853 साली उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालचे. जुन्या घरगुती पेटीला लोखंडी चौकट असे आणि काच लांबीत बसवलेली असे. जवसाचे तेल आणि खडूची पूड मळून केलेली हीच लांबी सुतार खिडकीच्या काचेलाही भरतात. ती लवकर कडक व्हावी आणि पाण्यात टिकावी म्हणून तिच्यात शेंदूर घालण्याची रीत होती. हा शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि शिसे हे विष. शिवाय पेटी काही दिवस कोरडी राहिली की वाळलेल्या लांबीला तडे जात.

1960 च्या दशकानंतर सिलिकॉनने चौकट आणि लांबी दोन्ही घालवली. काचेला काच थेट चिकटू लागली आणि सांधा रबरासारखा लवचीक राहू लागला. ट्यूबमधला लगदा हवेतली वाफ शोषून घट्ट होतो. नेहमीच्या प्रकारातून त्या वेळी अॅसेटिक आम्ल सुटते. व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच. आम्ल उडून गेले की मागे उरणारे रबर पाण्यात काही सोडत नाही. पाण्याच्या टंचाईत याचे मोल कळते. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण आटल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा शहरात पुन्हापुन्हा भरून ओतावा लागणारा सिमेंटचा हौद परवडणारा नाही. काचेची पेटी गळती तपासण्यापुरती एकदा भरली आणि एकदा धुतली की पुरते.

पण दुकानातली प्रत्येक ट्यूब माशांना चालत नाही. न्हाणीघर आणि ओट्यासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते. ते पाण्यात उतरते. काही बिनवासाच्या प्रकारांतून सुकताना ऑक्झाइम नावाचे अपायकारक द्रव्य सुटते. म्हणून पेटीसाठी बुरशीनाशक नसलेले, मत्स्यपेटीला योग्य असा स्पष्ट उल्लेख असलेले सिलिकॉनच घ्यावे. चुना, सिमेंट किंवा संगमरवरावर मात्र व्हिनेगरच्या वासाचा प्रकार टिकत नाही, कारण आम्ल चुन्याला खाते.

सगळ्यात जास्त पेट्या बिघडतात त्या घाईने. वरची साय काही मिनिटांत धरते, पण आतला थर दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच सुकतो. पाणी भरण्याआधी आठवडाभर थांबणे आणि वास पूर्ण गेल्याची खात्री करणे हे उत्तम. गळक्या जुन्या पेटीत जुन्या सिलिकॉनवर नवा थर देऊन भागत नाही, कारण तो चिकटत नाही. जुना माल पात्याने काचेपर्यंत खरवडून काढावाच लागतो.