आदिलाबादचा उन्हाळा : वाळ्याच्या ताटीपासून लॅपटॉपच्या पंख्यापर्यंत

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर वसलेल्या आदिलाबाद जिल्ह्याची हकीकत सांगताना अमलांच्या अदलाबदलीपासून प्रारंभ करण्याचा प्रघात आहे, आणि तो अकारण नाही; कारण 1905 साली निजामी राज्यात स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा पावलेला हा मुलूख 1956 च्या राज्यपुनर्रचनेत दुभंगला, त्याचे राजुरा व किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले, उरलेला भाग आंध्र प्रदेशास जोडला गेला, 2014 मध्ये तो तेलंगणात आला आणि 2016 साली त्याचे पुन्हा चार जिल्हे झाले. सरकारे बदलली, दप्तराची भाषा बदलली, सरहद्दीच्या दोहों बाजूंची मराठी घरे दोन निरनिराळ्या राज्यांची रयत झाली; मात्र चैत्र-वैशाखात पारा 45 अंशांच्या पुढे नेणाऱ्या उन्हाळ्याचा अंमल एक दिवसही ढळला नाही. या उन्हाशी माणसाने केलेल्या दीर्घ झुंजीचा इतिहास राजवटींच्या इतिहासाइतकाच बोधप्रद आहे, आणि त्याचे सर्वांत अलीकडचे प्रकरण आज घरोघरी मांडीवर उघडल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या पोटात लिहिले जात आहे, असे माझे मत आहे.

जाड मातीच्या भिंती, कवेलूंची उतरती छपरे, उन्हाला घरात थेट पाऊल ठेवू न देणारी ओसरी आणि दुपारी मिटून घेतलेली दारे ही या झुंजीची पहिली आयुधे होत. श्रीमंतांच्या वाड्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत त्यांना दोन साधनांची जोड मिळत असे : छताला टांगलेला, दोरीने ओढला जाणारा झालरीचा पंखा आणि दाराखिडक्यांना लावलेली वाळ्याची ताटी. यांपैकी ताटीची परंपरा फार जुनी. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वाळ्याच्या मुळ्यांनी केलेल्या थंड कोठड्यांचा उल्लेख करून ठेवला आहे. ओल्या ताटीतून येणारा कोरडा वारा मुळ्यांवरचे पाणी उडवून नेतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 24 लक्ष ज्यूल उष्णता हवेतून शोषली जाते. शीतलतेचे सारे रहस्य एवढेच. आदिलाबादच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उत्तम साधते, आणि हवेत आर्द्रता भरली की तीच ताटी निरुपयोगी ठरते.

परंतु ही दोन्ही साधने स्वयंचलित नव्हती, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. आत बसून हाकिमाने फैसला लिहावा, वकिलाने कैफियत मांडावी आणि कारकुनाने नक्कल उतरावी, एवढ्यासाठी बाहेर उन्हाच्या झळांत कोणीतरी तासन्‌तास दोरी ओढीत असे, आणि कोणीतरी मशकीने किंवा घागरीने ताटीवर पाणी शिंपीत असे. आतल्यांचा गारवा हा बाहेरच्यांच्या घामाचे मोल देऊन घेतलेला होता. आणि ती दोरी थांबताच, किंवा ताटी वाळताच, आतल्या मंडळींना आपल्या सुखाचा मूळ आधार तत्काळ कळून येई.

विजेने हे श्रम कमी केले. शायलर व्हीलर या अमेरिकन अभियंत्याने 1882 च्या सुमारास दोन पात्यांचा विजेचा पंखा तयार केला. पुढील अर्धशतकात तो हिंदुस्थानातील मोठ्या शहरांत रुळला आणि आदिलाबादसारख्या आडवळणाच्या मुलखात वीज पोहोचली तेव्हा तिच्यामागोमाग आला. त्यानंतर आलेला कूलर म्हणजे जुन्या दोन साधनांचा संयोगच होय : पत्र्याच्या पेटीच्या तिन्ही अंगांना ताट्या, तळाशी पाणी, ते वर चढविणारा छोटा पंप आणि वारा आत खेचणारा पंखा. विदर्भात आणि पैनगंगेच्या या तीरावर होळीनंतर कूलर बाहेर काढून त्याच्या ताट्या बदलण्याचा जो रिवाज पडला आहे, तो पाणी शिंपणाऱ्या माणसाच्या कामाचा अवशेष आहे. रोजची निगा गेली, वर्षाकाठची उरली.

इकडे माणसाबरोबर यंत्रालाही गारव्याची गरज भासू लागली होती. वातानुकूलनाचा उगमच मुळी माणसाच्या सुखासाठी झाला नाही. विलिस कॅरिअरने 1902 साली आपली पहिली योजना ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखली, ती हवेतील दमटपणाने कागद फुगून छपाई बिघडू नये म्हणून. 1946 साली जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’ या गणकयंत्रात सुमारे 18,000 निर्वात नलिका होत्या, ते 150 किलोवॅट वीज घेई आणि तिची उष्णता बाहेर घालविण्यासाठी त्याला स्वतंत्र पंखे बसवावे लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कार्यान्वित झालेले आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केलेले संगणकयंत्रही नलिकांचेच होते. 1967 साली हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि देशी संगणक तेथे घडू लागले. त्या पिढीतील संगणकाची खोली म्हणजे एक सोवळ्याचे स्थान असे : बंद खिडक्या, वातानुकूलन, दाराबाहेर काढलेल्या चपला, आणि धूळ व तापमान यांवर लक्ष ठेवणारा जबाबदार कर्मचारी. कचेरीबाहेर दोरी ओढणाऱ्याच्या जागी आता अभियंता आला होता, तरी यंत्राच्या शीतलतेची जबाबदारी कोणा एका माणसाकडे आहे, हे तत्त्व कायम होते.

लॅपटॉपने हे तत्त्व मोडले. प्रारंभीच्या लहान संगणकांतील प्रोसेसर इतकी अल्प वीज घेत की त्यांना पंख्याची गरजच नसे. 1989 च्या सुमारास त्यांच्यावर धातूच्या पंखड्या बसवण्याची पाळी आली आणि 1993 च्या पेंटियमनंतर प्रोसेसरवर स्वतंत्र पंखा हा सर्वसामान्य झाला. बोटभर जाडीच्या लॅपटॉपमध्ये एवढा प्रपंच मावेना, तेव्हा तांब्याची चपटी नळी उपयोगात आली. या नळीतील हवा काढून थोडेसे पाणी कोंडलेले असते. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, ती पंख्याजवळच्या पंखड्यांपाशी जाऊन उष्णता टाकते, पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील जाळीतून झिरपत परत फिरते. म्हणजे वाफ होताना उष्णता वाहून नेणारे वाळ्याच्या ताटीतील पाणी आणि दोरीने हलणारा तो पंखा, ही दोन्ही तत्त्वे यंत्राच्या पोटात येऊन बसली. ताटी भिजवणारा आणि दोरी ओढणारा मात्र कोठेच राहिला नाही.

आदिलाबादेत ही उणीव अधिक जाणवते, कारण हा जिल्हा कपाशीचा आहे. दिवाळीच्या आगेमागे बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागते, जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होऊ लागते, आणि डोळ्यांना न दिसणारे तंतू गावभर तरंगत राहतात. लॅपटॉपचा पंखा ते आत ओढतो आणि पंखड्यांच्या तोंडाशी त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसतो. हिवाळ्यात त्याची झळ लागत नाही. पुढे चैत्र उजाडला की यंत्र अकस्मात बंद पडू लागते, आणि दोष उन्हावर लोटला जातो. हिशेब साधा आहे : जो प्रोसेसर खोलीपेक्षा 50 अंशांनी अधिक तापतो, तो 25 अंशांच्या खोलीत 75 अंशांवर राहील आणि 42 अंशांच्या खोलीत 92 अंशांवर जाईल, शंभराच्या आसपास पोहोचताच बहुतेक प्रोसेसर आत्मरक्षणार्थ प्रथम आपली गती मंदावतात आणि तरीही ताप न उतरल्यास यंत्र बंद करतात.

म्हणून निदान क्रमाने करावे. पंखा मोठ्याने घोंगावतो, पण बाहेर वारा जेमतेमच येतो, तर पंखड्या तुंबल्या आहेत. यंत्र तापले असून पंखा निःशब्द असेल, तर तो अडकला आहे, त्याची तार निसटली आहे किंवा त्याची मोटर गेली आहे. खरखर ऐकू येऊ लागली की बेअरिंग झिजल्याचे समजावे आणि पंखा त्याच जातीचा नवा बसवावा. बाहेरचा वारा जोरकस पण गार आणि आत तापमान मात्र चढलेले, असे आढळल्यास प्रोसेसर व तांब्याची नळी यांमधील पेस्ट वाळली आहे, उष्णता नळीपर्यंत पोहोचतच नाही. वारा जोरकस आणि सतत गरम असेल, तर शीतनव्यवस्था आपले काम करीत आहे. कोणता प्रोग्राम यंत्राला राबवीत आहे हे टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. साफसफाई करताना यंत्र पूर्ण बंद करून, शक्य तर बॅटरीची तार काढून, पाती बोटाने धरून मगच ब्लोअर मारावा. मोकळी पाती भलत्या वेगाने फिरल्यास पंख्याची हानी होते. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नये, कारण खालचे वारा घेण्याचे छिद्रच त्यामुळे बुजते; साध्या लाकडी फळीने हा दोष दूर होतो. कूलरच्या ओल्या झोतासमोरही तो ठेवू नये; माणसाला सुखद असणारा दमट वारा विद्युत्‌मंडलाला अपायकारक आहे. आणि बॅटरी फुगून झाकण उचलले गेले असेल, तर ते यंत्र त्या क्षणापासून वापरू नये.

यांतील एकही उपाय अवघड नाही, आणि तरीही लॅपटॉप दुकानात नेला जातो तो बहुधा पूर्ण बंद पडल्यावरच. याचे कारण अज्ञानापेक्षा रिवाजाचा अभाव हे आहे. खंडेनवमीला आपल्या हत्यारांना आणि यंत्रांना पुसून, फूल वाहून त्यांचे ऋण मानणारा समाज निगेचे मोल जाणत नाही, असे कोण म्हणेल? नव्या यंत्रासाठी नवा दिवस एवढाच मुक्रर व्हायचा राहिला आहे. कापसाचा हंगाम सरलेला आणि उन्हाचा अंमल बसावयाचा, अशा होळी-पाडव्याच्या संधीत ज्या दिवशी कूलरच्या ताट्या बदलल्या जातात, त्याच दिवशी लॅपटॉपच्या पंखड्याही साफ व्हाव्यात. ज्या कामासाठी पूर्वी एक माणूस दिवसभर उन्हात उभा राहत असे, ते आता वर्षातून एका तासावर आले आहे. तो तास देणे हे त्या यंत्रावर शिकणाऱ्या मुलाचे आणि त्यावर हिशेब लिहिणाऱ्या अडत्याचे स्वतःचे कर्तव्य आहे.