वाऱ्याला वर्तुळ कळत नाही

आजची गोष्ट जपानची आहे. ११ मार्च २०११. आधी भूकंप, मग त्सुनामी, आणि फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रातली अणुभट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. किरणोत्सर्गी द्रव्यं हवेत पसरू लागली. सरकारने केंद्राभोवती २० किलोमीटरचं वर्तुळ आखलं आणि आतल्यांना बाहेर पडायला सांगितलं. २० ते ३० किलोमीटरमधल्यांना सांगितलं, घरातच थांबा.

पण वारा काय वर्तुळ बघून वाहतो? तो वायव्येकडे वळला आणि पाऊस-बर्फाबरोबर ती द्रव्यं जमिनीवर उतरली. नामिए गावचे कितीतरी लोक सुरक्षित म्हणून त्सुशिमा भागात गेले होते. नेमकं तिथेच प्रदूषण जास्त होतं. इताते गावाचा बराचसा भाग तर ३० किलोमीटरच्याही पलीकडे. ते रिकामं करायचा निर्णय एप्रिलमध्ये झाला. वारा कुठे जाईल याचे अंदाज सांगणारी सरकारी संगणक यंत्रणा होती, पण ते अंदाज लोकांपर्यंत वेळेत पोचलेच नाहीत.

लोकांनी स्वतः मोजायचं ठरवलं, तर बाजारात गाइगर काउंटर मिळेनात. मग ‘सेफकास्ट’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने साधी युक्ती केली: यंत्रं कमी आहेत ना, मग ती फिरवू या! जपानी जेवणाच्या डब्यासारख्या, म्हणजे बेंतोसारख्या पेटीत काउंटर आणि जीपीएस बसवलं, पेटी गाडीला लावली आणि निघाले. दर ५ सेकंदांनी एक नोंद. नाव ठेवलं ‘बीगाइगी’. नोंदी इंटरनेटवर सगळ्यांना मोफत खुल्या. पुढे जगभरातून अशा कोट्यवधी नोंदी जमल्या.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? हे लोक अणुऊर्जेच्या बाजूने बोलले नाहीत आणि विरोधातही नाही. आकडा जास्त आला तरी टाकला, कमी आला तरी टाकला. म्हणून दोन्ही बाजूंना तो वापरता आला. जिल्ह्याची सरासरी ऐकून कुठल्या आईला कळणार, की समोरच्या बागेत मुलाला खेळायला पाठवू की नको? तिला तिच्या गल्लीचा आकडा हवा असतो.

अर्थात, गाडी रस्त्यानेच जाते, डोंगर-जंगल सुटतं. आणि किती आकडा धोक्याचा, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी तज्ज्ञ लागतातच.

तेव्हा यापुढे हवेचा, पाण्याचा कुठलाही आकडा समोर आला, की विचारा: कुठे मोजला, कधी मोजला, आणि मला तपासता येईल का? भेटू पुढच्या भागात!