मोबाइलच्या आवाजाचे कूळ आणि मृदंगाची डावी पुडी

मराठवाड्यातल्या अहमदपूर आणि आसपासच्या गावांत हरिनाम सप्ताह होतात, तसे शिवनाम सप्ताहही होतात. एकीकडे ज्ञानेश्वरीचे पारायण, तर दुसरीकडे वीरशैव संत मन्मथ स्वामींच्या 'परमरहस्या'चे. डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकर यांनी २०२० साली देह ठेवला, तोवर अनेक दशके या दुसऱ्या परंपरेला त्यांचा आधार होता. दैवते वेगळी असली तरी कीर्तनकाराच्या मागे उभी राहणारी साथ दोन्हीकडे एकच असते, टाळ आणि मृदंग. ही दोन्ही कीर्तने आता मोबाइलमध्ये येऊन बसली आहेत. शेतात, ट्रॅक्टरवर, दुकानाच्या गल्ल्यावर ती वाजत असतात. नीट कान दिला तर एक गोष्ट ध्यानात येते. कीर्तनकाराचा शब्द न् शब्द कळतो, पण मृदंगाचा 'धुम' कुठेच नसतो आणि टाळ पत्र्यावर खडे पडावेत तसा ऐकू येतो. लोक त्याचे खापर स्वस्त फोनवर किंवा ध्वनिमुद्रण करणाऱ्यावर फोडतात. माझ्या मते कारण त्याहून जुने आहे. मोबाइलला आपण ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांचा वारस समजतो, पण त्याच्या आवाजाचे कूळ टेलिफोनचे आहे आणि टेलिफोन गाण्यासाठी कधीच घडवला गेला नाही.

बेलचा टेलिफोन १८७६ चा. १८८२ पर्यंत मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले होते. लांबच्या तारेवर आवाज क्षीण होई, शिवाय तार महाग होती. त्यामुळे कंपन्यांपुढे नेमका प्रश्न उभा राहिला, की माणसाचे बोलणे समजायला आवाजाचा किती भाग पुरेसा आहे? भौतिकशास्त्रज्ञ हार्वे फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ऐकणाऱ्यांना निरर्थक अक्षरे ऐकवली आणि त्यातली किती बरोबर ओळखली जातात हे मोजले. अशा मोजमापांतून आणि तारेच्या हिशेबातून पुढे ३०० ते ३४०० हर्ट्झ हा पट्टा जगभर रूढ झाला. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. त्यातला हा मधला तुकडा बोलण्याला पुरतो, कारण शब्द ओळखण्याची बहुतेक खूण त्यातच असते. पुरुषाच्या आवाजाचा पाया १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो टेलिफोनवरून जातच नाही. वरच्या पटींवरून कान तो मनातल्या मनात भरून काढतो. बोलण्यापुरती ही व्यवस्था अचूक होती. तिला मी दोष देत नाही. पण 'पुरेसा आवाज' म्हणजे काय, याची व्याख्या त्या वेळी ठरली आणि ती पुढच्या प्रत्येक यंत्रात उतरत गेली.

टेलिफोन अंकांवर चालू लागला तेव्हा सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे ठरले, कारण ३४०० हर्ट्झपर्यंतच्या आवाजाला तेवढे पुरतात. भारतात मोबाइल सेवा १९९५ साली आली आणि आवाज आणखी आकसला. जीएसएम या मोबाइल यंत्रणेच्या मूळ पद्धतीत बोलणे सेकंदाला केवळ १३ किलोबिटमध्ये बसवले जाई. त्यासाठी बोलणाऱ्याच्या घशाची आणि तोंडाची पोकळी त्या क्षणी कशा आकाराची असेल, याचे गणित मांडून मूळ आवाजाऐवजी त्या गणितावर आधारलेली माहिती पाठवली जाई. अशा यंत्रणेला टाळ ऐकवला तर ती त्यातही माणसाचा घसा शोधते. कॉलर ट्यूनमध्ये अभंग मध्येच गुळण्या केल्यासारखा का वाजे, याचे उत्तर यात आहे. त्या काळच्या कित्येक फोनमधला आवाज टिपण्याचा पर्यायही याच घराण्यातल्या एएमआर पद्धतीने फाइल करी. १२.२ किलोबिटच्या हिशेबाने दोन तासांचे कीर्तन जेमतेम ११ एमबीत मावते. एवढ्या जागेत शब्द टिकले, पण साथीचा चुराडा झाला.

यावर रास्त आक्षेप असा, की स्मार्टफोन हा केवळ फोन नाही. त्यात एमपीथ्री आले, आणि ते संगीतासाठीच होते. हे खरे आहे, आणि मराठवाड्यातल्या मोबाइल शॉप्यांनी ते घरोघर पोचवले. २००५ नंतर नखाएवढी मेमरी कार्डे आली. १२८ किलोबिटला मिनिटाला सुमारे एक एमबी धरली, तर ४ जीबीच्या कार्डात साठाहून अधिक तासांची गाणी, भजने आणि कीर्तने भरून मिळत. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत घडलेले एमपीथ्रीचे तंत्र कानाला जे ऐकू येणार नाही ते वगळून जागा वाचवते. पण त्यालाही एक दुखणे होते. कॅस्टानेट्ससारख्या चटकन उमटणाऱ्या आघाताआधी त्यात खरखरीचा पुसट लेप पसरे. टाळाचा प्रत्येक ठोका असाच आघात असतो, आणि कमी बिटच्या फाइलींत तो बोथट झाला. आज मात्र एएसी आणि ओपस या पद्धतींनी हे दुखणे बहुतांशी मिटवले आहे. यूट्यूबवरच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात मृदंग असतो. म्हणजे संगीताची शाखा घरात आली, हे मान्य करावेच लागते.

ती आली, पण बाहेर पडायचे दार टेलिफोनचेच राहिले. फोनचा स्पीकर नाण्याहून लहान असतो आणि त्याचा पडदा मिलिमीटरच्या काही अंशांपलीकडे हलू शकत नाही. तेवढ्याच जोराचा सूर एक सप्तक खाली वाजवायचा तर पडद्याला चौपट हलावे लागते. ८०० हर्ट्झवरून १०० हर्ट्झपर्यंत उतरायला तीन सप्तके लागतात, म्हणजे ६४ पट हालचाल. फोनच्या जाडीत ती होणे शक्य नाही. मग कान पुरुषाच्या आवाजाचा पाया भरून काढतो तसा मृदंगाचा का नाही भरत? इथे सी. व्ही. रामन यांचे १९२० चे संशोधन उपयोगी पडते. आपल्या चर्मवाद्यांच्या पुडीवर चढवलेल्या शाईमुळे त्यांचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले. म्हणून उजव्या पुडीचा 'ना' आणि 'ता' फोनवरही ओळखू येतो. डाव्या पुडीला कणीक लावतात ती सूर खाली नेण्यासाठी आणि बोल घुमवण्यासाठी. तिचे बळ त्या खालच्या, घुमणाऱ्या आवाजातच असते आणि तोच फोनमधून बाहेर पडत नाही. अर्धा मृदंग ऐकू येतो तो असा.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. गावाच्या कानाला सवय कर्ण्याची होती, आणि कर्णाही खालचे सूर गिळतोच. मग फोनने नवीन काय हिरावले? फरक असा, की कर्ण्याच्या काळात मृदंग मंडपात होता. कर्णा शब्द शिवारात नेई आणि मंडपात बसलेल्याच्या छातीत 'धुम' थेट कातड्यावरून उतरे. फोनवर ऐकणाऱ्याला मंडपच नसतो. इअरफोन लावला तर खालचे सूर बरेचसे परत येतात, हेही खरे. पण ते एकट्याचे ऐकणे झाले. चार जणांत फोन ठेवून ऐकायचे तर वाट पुन्हा त्या इवल्या पडद्यातूनच जाते.

आवाज आत घेणारी बाजूही त्याच कुळाची आहे. फोनवर बोलताना गोंगाट गाळणारी यंत्रणा सहसा असे धरून चालते, की एकसारखा चालणारा आवाज म्हणजे नको असलेला आवाज. पंख्याच्या बाबतीत हे ठीक आहे, पण वीणेचा झंकार आणि पेटीचा धरलेला सूरही एकसारखाच असतो. २०२० च्या टाळेबंदीत संगीताचे वर्ग झूमवर गेले तेव्हा याच कारणाने सूर तुटू लागले. त्याच वर्षी झूमने संगीतासाठी उच्च दर्जाच्या आवाजाची वेगळी सोय दिली. शिवाय गजर शिगेला पोचला की फोन आवाजाची पातळी आपोआप खाली ओढतो, आणि चढत गेलेला जोर सपाट होतो.

कीर्तनातला निरूपणाचा, दृष्टान्तांचा आणि विनोदाचा भाग मोबाइलवर इतका फोफावला, त्यामागे या वंशपरंपरेचा मोठा हात आहे असे मला वाटते. विषय आणि वक्त्याची हातोटी ही कारणे आहेतच. पण दोन मिनिटांच्या तुकड्यात शब्द पूर्ण पोचतो आणि भजन अर्धे पोचते, तेव्हा पुढे पाठवला जाणार तो शब्दच. याची झळ शिकणाऱ्याला अधिक बसते. फोन समोर ठेवून मृदंग शिकणाऱ्या मुलाला उजव्या हाताचे बोल मिळतात आणि डावा हात अंदाजाने बसवावा लागतो. म्हणून सप्ताहातल्या जुन्या चाली टिपून ठेवणाऱ्यांनी निदान एवढे करावे. आवाज गाळण्याचा पर्याय बंद ठेवावा आणि पातळी हाताने लावता येईल असे अ‍ॅप वापरावे. जमले तर बाहेरचा माइक जोडून तो मृदंगाच्या डाव्या अंगाला, हात-दीड हातावर ठेवावा. फाइल आकसू न देता जपावी, आणि मुलांना ती ऐकवताना फोन मोठ्या स्पीकरला जोडावा.