अबईच्या भावकीतलं यूरिएज

शेतात युरिया फेकला आणि पावसानं दडी मारली, की अमोनियाचा उग्र वास सुटतो. मातीतल्या सूक्ष्मजीवांचं यूरिएज हे विकर युरिया फोडत असतं. नुसत्या पाण्यात युरियाला तसं फुटायला कित्येक वर्षं लागतात. १९०९ साली ताकेउची या जपानी संशोधकाला हे विकर सोयाबीनमध्ये सापडलं. पुढे जॅक बीनमध्ये, म्हणजे आपल्या अबईच्या भावकीतल्या शेंगेच्या बियांत, ते भरपूर असल्याचं कळलं.

पण विकर ही चीज काय? १८९७ मध्ये बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसातही साखर आंबते हे दाखवलं, तेव्हा जिवंत पेशीची अट गळून पडली. रसातला कोणता पदार्थ हे करतो, ते मात्र कुणाच्या हाती लागेना. जर्मनीतले नामवंत रसायनज्ञ व्हिलश्टेटर यांच्या मते प्रथिन हे फक्त वाहक, खरं विकर वेगळंच.

अमेरिकेत जेम्स समनर यांनी १९१७ मध्ये जॅक बीनचं पीठ हाती घेतलं. डावखुऱ्या समनर यांचा डावा हात सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात गेला होता. एका हातानं रसायनशास्त्र जमायचं नाही, असं हार्वर्डमध्ये त्यांना ऐकवलं गेलं. तरी ते हटले नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. कॉर्नेलच्या प्रयोगशाळेत बर्फाची पेटी नव्हती. अल्कोहोलातले अर्क खिडकीबाहेर ठेवून ते थंडीची वाट पाहत. १९२६ मध्ये त्यांनी अल्कोहोलऐवजी ॲसिटोन वापरलं, गाळलेला द्रव रात्रभर गारव्यात ठेवला आणि त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात बारीक स्फटिक होते. ते पाण्यात विरघळवल्यावर युरिया झपाट्यानं फुटला, आणि प्रथिनाच्या चाचण्याही जुळल्या.

व्हिलश्टेटर यांच्या गोटाला हे पटलं नाही. १९३० मध्ये नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचेही स्फटिक मिळवले, तेव्हा वारं फिरलं. १९४६ चं नोबेल समनर, नॉर्थ्रॉप आणि स्टॅनली यांना मिळालं.

१९७५ मध्ये या विकरात निकेल सापडलं. समनर यांच्या स्फटिकांत ते होतंच, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि जॅक बीनच्या यूरिएजची त्रिमितीय रचना उलगडली ती २०१० मध्ये, चेन्नईत, मद्रास विद्यापीठाच्या बालसुब्रमण्यन आणि पोन्नुराज यांनी. त्या रचनेत युरिया फुटतो त्या जागी निकेलचे दोन अणू शेजारी-शेजारी दिसतात.