गलबतावरील गाणीं

वसई तालुक्यांतील कळंब हें गांव समुद्राला अगदीं लागून आहे. सुरूच्या बनापलीकडे वाळू, आणि वाळूपलीकडे अरबी समुद्र. येथून पूर्वेकडे, निर्मळ ओलांडून आंत गेलें कीं सोपारें लागतें. आज तेथें जुन्या बंदराची खूण सहसा ध्यानांत येत नाहीं. खाडी गाळानें भरली आणि भोवतीं नालासोपारा शहर दाटलें. एके काळीं मात्र हें अपरान्ताचें, म्हणजे कोंकणपट्टीचें, प्रमुख बंदर होतें. संस्कृत ग्रंथांत त्याचें नांव शूर्पारक, पालि ग्रंथांत सुप्पारक. बंदर बुजलें, पण नांव बुजलें नाहीं. आशियाच्या वाङ्मयानें तें जपलें.

‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहांत पूर्णाची कथा आहे. शूर्पारकांतील एका धनाढ्य व्यापाऱ्याला दासीपासून झालेला हा मुलगा. बापामागें भावांनीं वाटणी काढली. एकानें घरदार व शेतीवाडी घेतली, दुसऱ्यानें दुकान व परदेशीं गेलेला माल घेतला. पूर्णाला वाटा मिळाला नाहीं, उलट तोच एक वाटा धरला गेला, आणि थोरल्या भावानें तो आनंदानें पत्करला. पुढें थंडीनें कांपणाऱ्या एका मोळीविक्याच्या लाकडांत पूर्णानें मोलाचें चंदन ओळखलें, आणि त्याचें दैव उघडलें. सहा वेळां तो समुद्र ओलांडून सुखरूप परतला.

सातव्या सफरींत श्रावस्तीचे व्यापारी त्याच्याबरोबर होते. रात्रीं व पहाटे ते मोठ्यानें कांहीं पद्यें म्हणत. पूर्ण त्यांना म्हणाला कीं, आपण फार सुंदर गाणीं गातां. त्यांनीं उत्तर दिलें कीं, हीं गाणीं नव्हत, हें बुद्धाचें वचन आहे. बुद्ध हें नांवहि त्यानें पूर्वीं ऐकलें नव्हतें. तें ऐकतांच त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. ती पद्यें कोणत्या ग्रंथांतील, हेंहि कथाकारानें नोंदविलें आहे: उदान, पारायण, स्थविरगाथा इत्यादि.

या प्रसंगाचें मर्म साधें आहे. कानाला गोडी आधीं लागली, अर्थ मागाहून कळला. परक्या मुलखांतील काव्य माणसाला बहुधा असेंच भेटतें. पूर्ण पुढें भिक्षु झाला आणि तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या लोकांत जाण्यास निघाला. ते शिव्या देतील तर काय करशील, असें बुद्धानें विचारलें. मारलें नाहीं म्हणून त्यांना भले म्हणेन, हें त्याचें उत्तर. मारतील तर? शस्त्र चालविलें नाहीं म्हणून भले म्हणेन. हा संवाद पालि ‘मज्झिमनिकाया’तहि आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत पूर्णाची कथा गलबतासह रंगविलेली आहे. विनयग्रंथांबरोबर ती तिबेटी व चिनी भाषांतहि गेली.

दुसरी कथा आर्यशूर कवीच्या ‘जातकमाले’तील. सुपारग हा वृद्ध तांडेल. त्याची दृष्टि मंद झालेली, तरी शुभ माणूस म्हणून व्यापारी त्याला आग्रहानें गलबतावर घेतात. वादळानें भरकटलेलें तें गलबत जेथून कोणी परतत नाहीं अशा समुद्राच्या तोंडाशीं येतें. आपण जाणूनबुजून कोणत्याहि जीवाची हिंसा केली नाहीं, या सत्याच्या बळावर सुपारग तें माघारीं फिरवितो. बंदराला नांव त्याच्यावरूनच पडलें, असें कवि सांगतो. हा इतिहास नव्हे, कविकल्पना आहे. परंतु जावा बेटांतील बोरोबुदूर येथें नवव्या शतकाच्या सुमारास ‘जातकमाले’च्या ३४ कथा दगडांत कोरल्या गेल्या, त्यांत ही एक आहे. सिंहलद्वीपाचा ‘महावंस’ तर सांगतो कीं, विजय राजपुत्र लंकेस पोंचण्यापूर्वीं सुप्पारकासच उतरला होता, आणि सोबत्यांच्या उद्दामपणामुळें त्याला तेथून निघावें लागलें.

ग्रंथांतील हें बंदर जमिनींतून वर आलें तें १८८२ सालीं. पूर्णाच्या कथेचें फ्रेंच भाषांतर ब्यूर्नूफ यांनीं १८४४ सालींच प्रसिद्ध केलें होतें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्यांतील ‘बुरूड राजाचा कोट’ या टेकाडाचें उत्खनन केलें, तेव्हां स्तूपाच्या पोटांत दगडी पेटी मिळाली. तिच्यांत एकांत एक ठेवलेले करंडक, सोन्याचीं फुलें, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि यज्ञश्री सातकर्णीचें चांदीचें नाणें होतें. हें नाणें बुद्धानंतर कित्येक शतकांचें. तेव्हां पूर्णाचा चंदनविहार तो हाच, असें म्हणतां येत नाहीं. त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ सालीं कळंबाजवळच्याच भुईगांवीं मिळाला.

या किनाऱ्याशीं जोडलेल्या कथा मराठींत यावयास फार काळ लागला. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) गोमंतकांतून निघून सिंहलद्वीपीं पालि शिकले, आणि तें ज्ञान त्यांनीं मराठींत आणलें. पुढें दुर्गा भागवत यांनीं जातककथा ‘सिद्धार्थ जातक’ या नांवानें सात खंडांत मराठींत उतरविल्या. आशियाचें वाङ्मय दूरचें म्हणून बाजूस ठेवणाऱ्या घरांतहि हे ग्रंथ असावयास हवेत. त्यांत घराजवळच्या गांवाचें नांव आहे. पूर्णाजवळ पोथी नव्हती, पांडित्यहि नव्हतें. सहप्रवासी काय म्हणत आहेत हें त्यानें कान देऊन ऐकलें आणि विचारलें, एवढेंच.