पाळण्याचा खर्च कोणाचा?

कापडगिरण्यांचा इतिहास लिहितांना चात्या किती, साचे किती, भांडवल किती, याचा हिशेब बारकाईनें मांडण्याचा प्रघात आहे. परंतु पहाटेचा भोंगा झाल्यावर जी स्त्री चाळींतून गिरणीकडे निघे, तिचें तान्हें मूल दिवसभर कोणापाशीं असे आणि त्याला सांभाळण्याचा खर्च कोण करी, हा प्रश्न त्या हिशेबांत क्वचितच आढळतो. वस्तुतः हा प्रश्न गिरणीइतकाच जुना आहे. त्याचें उत्तर शोधतांना आई, मालक आणि सरकार या तिघांत जी ओढाताण झाली, तिचा इतिहास बोधप्रद आहे.

इ. स. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढें गिरणगांव उभें राहिलें आणि १९२० नंतरच्या दशकांत तेथील कामगारांपैकीं सुमारें पंचमांश स्त्रिया होत्या. सूत गुंडाळण्याच्या व लडी करण्याच्या खात्यांत नायकिणीच्या हाताखालीं त्या काम करीत. पुष्कळ कुटुंबांतील वडीलधारीं माणसें कोंकणांत वा घाटावर राहिलेलीं असत. मूल घरीं ठेवावें तर सांभाळणारें कोणी नाहीं, आणि गिरणींत न्यावें तर तेथें कापसाची धूळ व यंत्रांचा धोका! १९२१-२२ सालीं मुंबई सरकारनें डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून अशा मातांची पाहणी करविली. जवळजवळ सर्व मुलांना अफू दिली जाते, असें त्यांना दिसून आलें. अफूची ही ‘बाळगोळी’ दिली कीं मूल निजून राही आणि आईची मजुरी बुडत नसे. त्या आईला निष्ठुर म्हणणें अन्यायाचें होईल. मुलाला सांभाळण्याचा खर्च करणारें कोणी नव्हतें, म्हणून तो मुलाच्या प्रकृतींतून वसूल होत होता.

बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न याच प्रश्नाचा पूर्वभाग होय. वॉशिंग्टन येथें १९१९ सालीं भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें, या रजेंतील वेतन सरकारी तिजोरींतून किंवा विम्याच्या योजनेंतून दिलें जावें, असा करार संमत केला. त्या परिषदेस हजर असलेले ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत या विषयावर बिल आणलें. तें नामंजूर झालें. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळांत आसवले यांनीं तशाच हेतूचें बिल मांडलें. जुलै १९२८ मध्यें त्यावर बोलतांना डॉ. आंबेडकर यांनीं मूळ मुद्द्यालाच हात घातला. लोकांच्या कल्याणाचें रक्षण हें मुख्यतः सरकारचें काम असल्यानें या खर्चाचा मोठा भार सरकारनें सोसावा, हें त्यांनीं स्पष्टपणें मान्य केलें. मात्र स्त्रियांना कामावर ठेवण्यांत मालकाचाही लाभ असतो, म्हणून त्यानेंही आपला वाटा उचलावा, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १९२९ सालीं कायदा झाला, पण वेतनाचा सर्व बोजा मालकावर पडला. सरकार त्यांतून मोकळें राहिलें.

पाळणाघराच्या बाबतींतही हीच वाट पुढें चालू राहिली. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यानें, पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठीं खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानें अशा कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर सक्तीचें केलें. हवा, उजेड, स्वच्छता, शिकलेली दाई, मुलांना दूध, आईला मधून मधून अंगावर पाजण्याची सवड, या सर्व गोष्टींचा त्यांत विचार होता. १९७६ सालीं पन्नासांची मर्यादा तीसांवर आणण्यांत आली.

कायद्याचा हेतु उदात्त होता, पण त्याच्या मापांत एक दोष राहिला. श्रोत्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, पाळणाघराचें बंधन कामावरील स्त्रियांच्या संख्येवर अवलंबून होतें. पन्नासांवर एक स्त्री ठेवणाऱ्या मालकाला खर्च, आणि पन्नासांवर थांबणाऱ्याला सूट! मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण पुढील पन्नास वर्षांत शेंकडा कांहीं थोड्यांवर उतरलें. नवीं यंत्रें आलीं, त्यांची कामें गेलीं. रात्रपाळीची त्यांना मनाई होती. ह्या कारणांपुढें पाळणाघराचें कारण लहान असेल. परंतु स्त्रीला ठेवणें महाग आहे, ही समजूत दृढ करण्यास तें पुरेसें होतें.

सरकारनें मनावर घेतलें तर काय होऊं शकतें, तें दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटननें दाखविलें. दारूगोळ्याच्या कारखान्यांना स्त्रियांची निकड भासतांच सरकारी खर्चानें शिशुगृहें निघालीं. १९४४ पर्यंत त्यांची संख्या सुमारें १,४५० झाली. आईनें दिवसाला एक शिलिंग द्यावा व बाकीचा भार सरकारनें उचलावा, अशी व्यवस्था होती. युद्ध संपलें, अनुदान घटलें आणि पुष्कळ शिशुगृहें बंद पडलीं. मातेची गरज संपली नव्हती; सरकारची गरज संपली होती.

भारतांत फॅक्टरी कायद्याच्या कक्षेबाहेरील मुलांकडे लक्ष वेधलें तें एका स्त्रीनें. १९६९ सालीं दिल्लींत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचें बांधकाम चालू असतां, विटा वाहणाऱ्या मजूर स्त्रियांचीं मुलें उन्हांत पडलेलीं पाहून मीरा महादेवन यांनीं तेथेंच तंबूंत पाळणाघर सुरू केलें. त्यांतून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहून मुंबई-पुण्यापर्यंत पसरली. १९७५ पासून केंद्र सरकारही पाळणाघरांना अनुदान देऊं लागलें. २०१७ सालच्या योजनेंत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून मुलामागें महिना २० रुपये आणि इतरांकडून उत्पन्नानुसार १०० वा २०० रुपये घ्यावे, असें ठरलें. २०२२ सालीं तिचें ‘पालना’ असें नामकरण होऊन बहुतेक राज्यांत केंद्रानें साठ व राज्यानें चाळीस टक्के खर्च करावा, अशी वांटणी झाली. २०१७ सालींच मातृत्वलाभाच्या कायद्यांतही महत्त्वाची सुधारणा झाली. पन्नास माणसें मोजतांना स्त्री व पुरुष दोन्ही मोजावे, असें तिनें ठरविलें. जुन्या मापांतील दोष त्यामुळें निघाला. मूल हें केवळ आईचें ओझें नव्हे, ही गोष्ट कायद्यानें प्रथमच कबूल केली. खर्च मात्र मालकाकडेच राहिला.

धुणींभांडीं करणारी, भाजी विकणारी, शेतांत राबणारी स्त्री कोणत्याही पन्नासांत मोजली जात नाहीं. तिच्या दाराशीं सरकारी पाळणाघर पोहोंचलें तरच तिला आधार. नाहीं तर थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्या भावंडाला कडेवर घेते. १९२८ सालीं कायदेमंडळांत मांडलेला तो मुद्दा म्हणूनच आजही शिळा झालेला नाहीं. पाळण्याचा खर्च कोणालाही चुकवितां येत नाहीं. सरकार आणि मालक यांनीं तो टाळला, तर तो त्या थोरल्या मुलीच्या शिक्षणांतून वळता होतो.