पेल्याखालची मेणबत्ती: एका वर्गप्रयोगाचा इतिहास

पसरट ताटलीत पाणी घेऊन त्यात मेणबत्ती उभी करायची, ती पेटवून तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा, आणि ज्योत विझल्यावर पेल्यात पाणी वर चढते ते पाहायचे, हा शाळेतल्या विज्ञानातील अतिशय जुना प्रयोग आहे. त्यात पाणी चढते याविषयी दोन हजारांहून अधिक वर्षांत कोणाचे दुमत झालेले नाही; ते का चढते याची उत्तरे मात्र वेळोवेळी बदलली, आणि त्यांपैकी जे उत्तर वर्गावर्गांत स्थिरावले ते प्रयोगाच्या कसोटीला उतरत नाही. निरीक्षण खरे असूनही त्यावरून काढलेले अनुमान खोटे ठरू शकते, याचे इतके स्वस्त आणि इतके दीर्घायुषी उदाहरण क्वचितच सापडेल.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील ग्रीक यंत्रज्ञ, बायझँटियमचा फिलो, याने वायूंवरील आपल्या ग्रंथात या प्रयोगाचे वर्णन केले असून, त्या ग्रंथाचा मजकूर पुढे अरबी आणि लॅटिन भाषांतरांतून टिकला. ज्योतीमुळे भांड्यातील हवा नाहीशी होते आणि रिकामी झालेली जागा भरण्यासाठी पाणी वर ओढले जाते, असे त्याचे मत होते. त्या काळच्या निसर्गविचारात ते सुसंगत होते, परंतु ते खोटे ठरवता येईल असा दुसरा प्रयोग रचण्याची गरज त्या विचाराला वाटली नाही.

ती गरज सतराव्या शतकात वाटू लागली. रॉबर्ट बॉइल याने हवा उपसण्याच्या पंपाने भांडे निर्वात करून त्यात मेणबत्ती विझते हे १६६० मध्ये प्रसिद्ध केले, तर १६७४ मध्ये जॉन मेयो या इंग्रज वैद्याने एक पाऊल पुढे टाकले. बंद भांड्यात उंदीर ठेवल्यास हवेचे घनफळ सुमारे चौदाव्या हिश्शाने घटते, हे त्याने पाण्याच्या पातळीवरून मोजले. शिवाय ज्योत विझून गेलेल्या हवेत भिंगाने सूर्यकिरण एकवटून कापूर पेटवण्याचा प्रयत्न केला आणि तो पेट घेत नाही हे पाहिले. म्हणजे ज्योत विझण्याचे कारण मेणबत्तीत नसून उरलेल्या हवेत आहे, हे त्याने वेगळे काढून दाखवले. सगळी हवा नव्हे, हवेचा एक विशिष्ट अंशच जळण्याला आणि श्वसनाला लागतो, हा त्याचा निष्कर्ष शंभर वर्षे पुढचा होता.

त्या अंशाचे माप अखेर सापडले ते मेणबत्तीने नव्हे. आंत्वान लाव्हाझिए याने आपल्या १७८९ च्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात दिलेल्या प्रसिद्ध प्रयोगात चार औंस पारा बंद उपकरणातील ५० घनइंच हवेच्या संपर्कात १२ दिवस तापवला. पाऱ्यावर लाल भुकटी धरली आणि हवा ४२ ते ४३ घनइंच उरली. ती भुकटी वेगळी काढून अधिक तापवल्यावर तिच्यातून सात ते आठ घनइंच वायू परत मिळाला, आणि तो उरलेल्या हवेत मिसळल्यावर पुन्हा नेहमीसारखी हवा तयार झाली. हा वायू म्हणजे ऑक्सिजन, मराठीतला प्राणवायू. हेन्री कॅव्हेंडिश याने त्याआधीच, १७८३ मध्ये, दुसऱ्या पद्धतीने हवेतील त्याचे प्रमाण २०.८३ टक्के काढले होते, आणि आज मान्य असलेल्या सुमारे २१ टक्क्यांच्या ते आश्चर्य वाटावे इतके जवळ आहे.

गोंधळ सुरू होतो तो इथे. हवेत एकपंचमांश ऑक्सिजन असतो हे ठाऊक झाल्यावर, पेल्यात पाणीही साधारण तितकेच चढलेले दिसले की दोन्ही गोष्टींची सांगड घालण्याचा मोह अनावर होतो: मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली. वैज्ञानिक पद्धतीत अशा तात्पुरत्या स्पष्टीकरणाला गृहीतक म्हणतात, आणि गृहीतकाची किंमत ते एका आकड्याशी जुळते यावरून ठरत नाही. ते खरे असल्यास आणखी काय घडले पाहिजे, म्हणजे त्यावरून कोणते भाकीत निघते, आणि ते भाकीत उतरते की नाही, यावरून ती ठरते.

भाकिते काढणे येथे अवघड नाही. ऑक्सिजन जळून संपत असेल, तर ज्योत तेवत असतानाच पाणी हळूहळू चढत गेले पाहिजे. परंतु नीट पाहिल्यास ते बहुतांशी ज्योत विझल्यानंतर एकदम चढते. पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच असल्याने मेणबत्ती एक असो की चार, पाण्याची उंची सारखीच राहिली पाहिजे. हे तपासताना पेला, ताटली आणि पाणी तेच ठेवून फक्त मेणबत्त्यांची संख्या बदलावी लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलणाऱ्या अशा मांडणीला नियंत्रित प्रयोग म्हणतात. चार मेणबत्त्या लावल्या की पाणी स्पष्टपणे अधिक चढते आणि गृहीतक तिथेच कोसळते. खरे कारण उष्णतेत आहे: पेला उपडा घालताना ज्योतींभोवतीची तापलेली, प्रसरण पावलेली हवाच त्यात कोंडली जाते, काही हवा कडेखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि ज्योत विझून आतली हवा थंड झाली की आतला दाब घटून बाहेरचा वातावरणीय दाब पाणी वर ढकलतो. ते बुडबुडे कोणालाही दिसतात, पण मोजायचे नसतात म्हणून कोणी पाहत नाही.

रसायनशास्त्राचा हिशेबही याच बाजूचा आहे. बंद जागेतील ऑक्सिजन सुमारे १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते, म्हणजे बहुतेक ऑक्सिजन शिल्लकच राहतो; आणि मेण जळताना वापरल्या गेलेल्या दर तीन घनफळ ऑक्सिजनमागे जवळजवळ दोन घनफळ कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यामुळे तयार झालेली वाफ पूर्ण निवली तरी हवेचे घनफळ फार तर दोनेक टक्क्यांनी घटते. हा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो अशी पुरवणी जोडून जुने उत्तर वाचवले जाते खरे, परंतु विरघळण्याला लागणारा वेळ आणि पाणी चढण्याचा वेग यांचा मेळ बसत नाही. या समजाचा चिवटपणा हा १९९९ मध्ये ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मधील एका लेखाचा विषय झाला होता.

प्रमाण खरोखर मोजून देणारा वर्गप्रयोगही जुनाच आहे. विद्यार्थ्याने शोधकाच्या भूमिकेतून शिकावे असा आग्रह धरणारा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या अभ्यासक्रमात लोखंड गंजण्याला महत्त्वाचे स्थान दिले. परीक्षानळीच्या आतल्या बाजूला ओला लोहकीस चिकटवून ती पाण्यात उपडी उभी केली, की गंजताना लोखंड जवळजवळ सगळा ऑक्सिजन शोषून घेते, कोणताही वायू सोडत नाही, आणि हवा फारशी तापतही नाही. पाणी नळीच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत चढून तिथेच थांबते, आणि लोहकीस आणखी घातला तरी त्याच्या वर जात नाही. (भांडी घासण्याची स्टेनलेस स्टीलची घासणी यासाठी निरुपयोगी, कारण ती सहसा गंजत नाही.) मेणबत्तीच्या प्रयोगातून ज्वलनाला हवा लागते आणि हवा तापल्याने फुगते, एवढे दोन धडे निर्विवादपणे मिळतात आणि तेवढ्यासाठी तो वर्गात राहावा, हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण शिकवण्यासाठी मात्र लोहकीसच वापरायला हवा. तरीही शाळांनी बहुधा मेणबत्तीच पसंत केली, कारण तिचे काम मिनिटभरात होते आणि लोखंडाला गंजायला रात्र जाते, तर शाळेचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचाच असतो.